नाशकात बोटीचं इंजिन कुठे दाखवायचं? पाटी नसलेल्या एका शेडबद्दल

मोटारसायकलचं इंजिन खोलणारे हात नाशकात गल्लोगल्ली आहेत. बोटीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन म्हटलं, की मात्र समोरचा माणूस मुंबईचा नाहीतर अलिबागचा रस्ता दाखवतो. आम्ही दोन वर्षं हेच ऐकत होतो. त्र्यंबक रोडला, सातपूरच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये हे काम होतं आणि फार मनापासून होतं, हे आम्हाला गंगापूर धरणावर जाळं वाळत घालणाऱ्या एका भाऊंकडून कळलं. शेडला पाटी नाही. शेड चालवणाऱ्या काकांनी नाव आणि नंबर इंटरनेटवर टाकू नका असं सांगितलंय, म्हणून ते इथे देत नाही. धरणाच्या काठी कुणालाही ‘कोकणातले इंजिनवाले काका’ विचारा, रस्ता सांगतात. मी लिहिणार आहे ते त्यांच्या कामाबद्दल.

आधी आमची गरज काय होती ते सांगते. मी पंचवटीतली. घरात सगळ्यांना पोहता येतं. पावसाळ्यात गंगा, म्हणजे आमची गोदावरी, चढायला लागली की आमच्या आळीत सगळे नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून बोलतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला तेव्हा आम्ही दोर आणि ट्रकच्या ट्यूबा घेऊन काठावर उभे होतो. पाण्याला इतकी ओढ होती की त्यात उतरायची सोय नव्हती. त्यानंतर आम्ही चौदा जणांनी वर्गणी काढली, फायबरची १५ फुटी बोट घेतली आणि रायगडच्या किनाऱ्यावरून ४० हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन आणलं. रीतसर परवानगी काढून गंगापूर धरणाच्या पाण्यात सराव सुरू केला.

दोघं बसलो की बोट छान पळायची. सहा जण चढले की नाक वर, शेपूट खाली, आणि नांगर ओढल्यासारखी पाणी रेटत राहायची. थ्रॉटल पूर्ण पिळला तरी इंजिनाचा आवाज घुसमटलेला. पुरात माणसं काढायला जायचं म्हणजे येताना बोटीत सहा जण असणारच. शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेलं तर आवाज ऐकूनच निकाल लागला: पिस्टन-रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल, ३२ हजार. वर्गणीचे पैसे होते, त्यामुळे हात आखडला. तो तेव्हा आखडला ते बरंच झालं.

काकांकडे पहिल्या दिवशी पाना उचललाच गेला नाही. त्यांनी स्टूल दिलं, चहा सांगितला आणि विचारायला सुरुवात केली. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे मिनिटाला इंजिनाचे फेरे, किती? सहा माणसांत किती, दोन माणसांत किती? पाण्यातल्या पंख्यावरचा, म्हणजे प्रोपेलरवरचा, नंबर काय? आधीचा मालक बोट कशाला वापरायचा? इंजिन अडकवायच्या मागच्या फळीची उंची मोजलीत का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. पंख्यावर काही नंबर असतो हेच मला माहीत नव्हतं. काका म्हणाले, “ताई, डॉक्टर ताप न मोजता औषध देत नाही. आपण आधी मोजू.”

मग सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. दहा मिनिटांचं काम. दोन्ही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले. पिस्टन ठणठणीत होता.

पुढच्या रविवारी ते स्वतः धरणावर आले. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर त्यांनी आणला होता, मोबाइलमध्ये जीपीएसचा वेग लावला, आणि आम्हाला सहा जणांना बसवून पूर्ण थ्रॉटल पिळायला लावला. इंजिन ४,३०० वर अडकलं. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ४,५०० ते ५,५०० यायला हवेत असं लिहिलंय. वेग होता ताशी २२ किलोमीटर. पंखा काढून धुतला तेव्हा बोंडावर १३ हा आकडा दिसला. तो पिच.

पिच म्हणजे काय हे काकांनी जसं सांगितलं तसंच सांगते. लाकडात स्क्रू एक वेढा फिरवला की जेवढा आत जातो, तेवढं पंख्याने एका फेऱ्यात पुढे जायचं. पिच १३ म्हणजे १३ इंच. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात बोट कमीच सरकते. त्या फरकाला घसरण म्हणायचं. आमच्या इंजिनात गिअरचं प्रमाण दोनास एक, म्हणजे इंजिन ४,३०० फिरलं की पंखा २,१५० वेळा फिरतो. गुणाकार केला तर वेग ताशी साडेबेचाळीस किलोमीटरच्या आसपास यायला हवा होता. आला २२. जवळजवळ निम्मी मेहनत पाणी घुसळण्यात जात होती, कारण बोट पाण्यावर उचललीच जात नव्हती.

का, तर कारणं तीन, आणि तिन्ही एकत्र आलेली. पहिलं, आधीचा मालक हलकी बोट घेऊन दोन माणसांनी फिरायचा. त्याला १३ चा पंखा योग्यच होता. दुसरं, आमचा भार. तिसरं कारण ऐकून मी थक्क झाले: नाशिकची उंची. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर, म्हणजे २,००० फूट. वर हवा विरळ, आणि इंजिनाला ताकद हवेतूनच मिळते. दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद कमी होते असा हिशोब धरतात. म्हणजे किनाऱ्यावर ४० हॉर्सपॉवर देणारं इंजिन गंगापूरला साडेसदतीसच्या आसपास देतं. कसारा घाट चौथ्या गिअरमध्ये चढवायला गेलं तर गाडी जशी धापा टाकते, तसं आमचं इंजिन धापा टाकत होतं. इंजिनात खोट नव्हती, पंखा म्हणजेच ‘गिअर’ चुकीचा होता. आणि असं घुसमटवून चालवत राहिलं तर गरम होऊन, कार्बन धरून, पिस्टन खरोखरच गेला असता.

पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. काकांकडे ११ पिचचा जुना ॲल्युमिनियमचा पंखा होता. तो त्यांनी तिथेच चढवला आणि “आधी चालवून बघा, मग विकत घ्या” म्हणाले. सहा जणांत ४,७०० आरपीएम, वेग ताशी ३०. बोटीने नाक खाली घेतलं आणि ती पाण्यावर आली, त्या क्षणी आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा ओरडलाच. दोघांत ५,००० आरपीएम आणि ३५ चा वेग. दोघांत घसरण १६-१७ टक्क्यांवर आली. अशा बोटीला १० ते २० टक्के चालते, असं काका म्हणाले.

उंचीवर हवा विरळ म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, त्यासाठी कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र, बदलायचा का, असं मी हुशारीने विचारलं. त्यांनी प्लग काढले. रंग बदामी होता. “रंग बरोबर आहे, जेटला हात लावायचा नाही.” एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मोजायची, हा त्यांचा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

या शेडची खरी ठेव म्हणजे एक वही. जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. आलेल्या प्रत्येक इंजिनाचं एक पान. काय तक्रार होती, कुठल्या पाण्यात चालतं, किती माणसं बसतात, काय करून बघितलं, काय केल्याने काहीच झालं नाही, शेवटी कशाने झालं. ‘काय केल्याने काहीच झालं नाही’ हा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. भंडारदरा धरणाची पानं आहेत, वैतरणेची आहेत, मुकण्याची आहेत. कुणालाही बसून वाचायची मुभा आहे. शनिवारी दुपारी तिथे तीन-चार बोटवाले असतातच. इंजिन बिघडलेलं नसतानाही येतात, एकमेकांना विचारतात, आणि माणूस आपलं अडलेलं सांगायला लाजत नाही. मी पुस्तकं वाचून शिकणारी बाई आहे, इंजिनाचं पुस्तकही मी पान पान वाचलं होतं. पण ते पुस्तक गंगापूरच्या पाण्यासाठी लिहिलेलं नव्हतं. याच पाण्यात, अशाच इंजिनाने ज्याला आधी दगा दिला, त्याने दिलेलं उत्तर वेगळंच असतं.

आमच्या इंजिनाबाबत या वहीतून निघालेल्या तीन गोष्टी सविस्तर सांगते, कारण त्या मला आधी कुणीच सांगितल्या नव्हत्या.

एक, पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. स्कूटरमध्ये ते आठवड्यात संपतं. आमची बोट म्हणजे पुराची वाट बघत उभी असलेली बोट, टाकीतलं पेट्रोल महिनोन् महिने तसंच पडून. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकी अर्धी असेल तर वरच्या मोकळ्या जागेत ओलावा भरपूर, पावसाळ्यात तर विचारूच नका. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात, पेट्रोल वर राहतं. काकांनी आमच्या टाकीच्या तळाचं थोडं काचेच्या बरणीत ओतलं आणि उन्हात धरलं. दोन थर सरळ दिसले, मध्ये रेघ आखल्यासारखी. टू-स्ट्रोकला याचा धोका दुप्पट. आपण पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, आणि इंजिनाची नळी टाकीच्या तळातून ओढते. म्हणजे पहिला घोट बिनऑइलचा. मग इंजिन एकतर सुरूच होत नाही, नाहीतर कोरडं फिरून जाम होतं. जूनमध्ये आमचं इंजिन सुरू न होण्याचं कारण हेच होतं, आणि तेव्हा आम्ही दोरी ओढून ओढून खांदे दुखवून घेतले होते.

आता आम्ही सराव संपला की पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करतो, उरलेलं पेट्रोल महिन्याच्या आत कुणाच्या तरी जुन्या टू-स्ट्रोक फवारणी पंपात संपवतो, आणि नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवलाय. फिल्टर ९५० रुपयांचा. बोटीवरच्या सामानात इतक्या कमी पैशात एवढी निश्चिंती दुसऱ्या कशानेच मिळाली नाही.

ऑइलचंही इथेच सांगते. आम्ही मोटारसायकलचं टूटी ऑइल घालत होतो, चांगल्यातलं, आणि त्याबद्दल आम्हाला समाधानही होतं. बोटीच्या इंजिनाला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं लागतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे पाण्याने थंड होणारं इंजिन. या ऑइलमध्ये राख होणारे घटक नसतात. मोटारसायकलच्या ऑइलमधल्या घटकांची राख आउटबोर्डच्या पिस्टनवर आणि प्लगवर बसते. आमच्या इंजिनाला पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलि. २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. डोळ्यांच्या अंदाजाने ओतायचं नाही, काकांनी मापाचा पेला हातात दिला.

दोन, झिंकचा तुकडा. इंजिनाच्या खालच्या भागाला एक धातूचा तुकडा बोल्टने लावलेला असतो, त्याला ॲनोड म्हणतात. स्वतः झिजून इंजिनाचं ॲल्युमिनियम वाचवणं हे त्याचं काम. आमचा तुकडा दोन वर्षांत जराही झिजला नव्हता आणि मला ते चांगलं लक्षण वाटत होतं. तो झिजायलाच हवा. किनाऱ्यावरून आलेल्या इंजिनाला बहुधा झिंक असतं, खाऱ्या पाण्यात ते उत्तम काम करतं. गोड्या पाण्यात झिंकवर पांढरी साय धरते आणि ते काम करायचं थांबतं. मग इंजिनाचं कव्हरच झिजायला लागतं. आमच्या गिअरबॉक्सच्या कडेला खड्डे पडायला सुरुवात झालीच होती. गोड्या पाण्याला मॅग्नेशियम, दोन्हीकडे चालेल असं हवं तर ॲल्युमिनियम. काकांनी ॲल्युमिनियमचा बसवला, कारण ही बोट उद्या कुठल्या पाण्यात न्यावी लागेल सांगता येत नाही. किनाऱ्यावरून जुनं इंजिन आणून धरणावर वापरणाऱ्या प्रत्येकाने आज हा तुकडा बघावा, अगदी आज.

तीन, नायलॉन. हे मात्र रामकुंड ते तपोवन एवढ्याच पाण्याचं दुखणं. पाणवेली पंख्याला गुंडाळतात हे सगळ्यांना दिसतं. इंजिन थंड करणारं पाणी ओढायच्या जाळीवर बसल्या की मागून पडणारी पाण्याची धार बारीक होते, तेही कळतं. नायलॉन दिसत नाही. हारांचे दोरे, चुनरीच्या जरीच्या कडा, प्लास्टिकच्या पिशव्यांचे बंद. ते पंख्याच्या मागे दांड्यावर गुंडाळले जातात, चालताना वितळतात, आणि पाणी अडवणाऱ्या रबरी सीलच्या ओठात घुसून ते कापतात. मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू उघडला तर आमचं ऑइल दूध घातलेल्या चहासारखं निघालं. काकांनी दांड्यावरून वीतभर हिरवा नायलॉन काढून माझ्या हातावर ठेवला, त्यावर अजून चमकी होती. नवी सील, नवं ऑइल, आणि ऑइल भरायचं तेही खालच्या भोकातून वर, म्हणजे हवा अडकत नाही. वरच्या भोकातून बाहेर आलं की पुरे. आता घाटावरून आलो की दर वेळी पंखा काढून दांडा पुसतो. पाच मिनिटं लागतात. २०२७ च्या सिंहस्थात पाण्यात काय काय असेल याचा विचार करून मी पंखा काढायचं काम आमच्या चौदाही जणांना शिकवलंय.

इम्पेलरबद्दल थोडक्यात. पाणी खेचणारं ते रबरी चक्र पुराच्या गाळाने लवकर झिजतं, आम्ही दर मेमध्ये नवीन घालतो. इंजिन पाण्याबाहेर ‘फक्त एकदा सुरू करून बघू’ म्हणून चालवायचं नाही, काही सेकंदांत रबर जळतं. शेडमध्ये पाण्याची मोठी टाकी याचसाठी आहे.

आणि लाल दोरी. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली नसेल तर काका इंजिन सुरू करू देत नाहीत. आमच्यातल्या एकाने ती हँडललाच अडकवून ठेवली होती. काकांनी आवाज न चढवता इंजिन बंद केलं, आणि चालवणारा पाण्यात पडल्यावर रिकामी बोट त्याच्याभोवती गोल गोल फिरते तेव्हा काय होतं, ते सांगितलं. त्यांनी ते पाहिलेलं आहे. मी ते इथे लिहीत नाही. दोरी बांधा.

खर्च. कॉम्प्रेशन तपासणी आणि धरणावरची फेरी मिळून १,२०० रुपये, त्यात त्यांचा अख्खा रविवार गेला. जुना पंखा ३,५०० ला दिला. सील, गिअर ऑइल, इम्पेलर, ॲनोड आणि मजुरी धरून दुसऱ्या वेळी ६,८०० झाले. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत देतात. बिल हाताने लिहिलेलं, पण प्रत्येक स्क्रूची नोंद असलेलं.

उणं काय, तेही सांगायला हवं. काका एकटे आहेत आणि पासष्टीच्या पुढचे आहेत. हाताखाली एक मुलगा आहे, शिकतोय, पण पंख्याचा निर्णय अजून काकाच घेतात. पावसाच्या तोंडावर गेलात तर तीन आठवडे थांबावं लागेल, मार्च-एप्रिलमध्ये जा. सुटे भाग मुंबईहून येतात, आमच्या सीलला अकरा दिवस लागले. संगणक लावून तपासायची नवी फोर-स्ट्रोक इंजिनं ते घेत नाहीत, आणि हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगतात. फोन उचलत नाहीत. सगळ्यात मोठी काळजी मला त्या वहीची वाटते. एकच प्रत आहे, काही पानांवर ऑइल सांडून अक्षरं पसरलीत. मी पानांचे फोटो काढून ठेवायची परवानगी मागितली. आधी नको म्हणाले, मग म्हणाले, माणसांची नावं झाकून काढ. आतापर्यंत ६४ पानं झाली आहेत, दर शनिवारी जाऊन आठ-दहा काढते.

जाणार असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. पंख्यावरचा नंबर लिहून न्या. मागच्या फळीची उंची मोजून न्या, वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत. इंजिनं साधारण १५ आणि २० इंचांची येतात, आणि उंच फळीवर आखूड दांड्याचं इंजिन असेल तर पंखा हवा ओढतो आणि नुसता गरगरतो. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत, गिअर ऑइल दुसऱ्या छोट्या बाटलीत. पूर्ण भाराने आणि रिकामी, अशा दोन्ही वेळचा वेग मोबाइलवर बघून ठेवा. शेड सातपूरहून त्र्यंबककडे जाताना डाव्या हाताला आहे, दारात निळा प्लास्टिकचा पिंप आणि त्यात उलटे ठेवलेले तीन तुटके पंखे दिसतील. गाडी रस्त्याच्या कडेलाच लावा, आतल्या वाटेवर चिखल असतो आणि ट्रेलर वळत नाही.